शिशाच्या प्लेटींपासून लोह-फॉस्फेटपर्यंत : विजेच्या मोटारीच्या बॅटरीची पार्श्वभूमी

पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग कोगनोळीजवळ महाराष्ट्र सोडतो आणि निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर असा धारवाडकडे जातो. भारतातील विजेच्या मोटारीचा आजवरचा इतिहास बऱ्याच अंशी या रस्त्याच्या दोन टोकांना घडला आहे. २००१ मध्ये बाजारात आलेली रेव्हा बंगळूरची, तर २०२० मध्ये आलेली आणि मध्यमवर्गीय कुटुंबांनी प्रथमच मोठ्या संख्येने घेतलेली नेक्सॉन ईव्ही पुण्याजवळच्या रांजणगावची. मधल्या सीमाभागात, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात, या एकोणीस वर्षांत विजेची मोटार ही मुख्यतः वर्तमानपत्रात वाचण्याची गोष्ट राहिली. त्याचे कारण लोकांच्या अनास्थेत किंवा एखाद्या सरकारी धोरणात शोधण्यापेक्षा बॅटरीच्या रसायनात शोधणे अधिक सयुक्तिक आहे. रेव्हा एका चार्जिंगमध्ये सुमारे ८० किलोमीटर जात असे. बंगळूर शहरात दिवसभर फिरण्यास तेवढे पुरेसे होते, पण बेळगावहून निघालेल्या माणसाची बॅटरी निपाणीच्या आसपासच संपली असती आणि परत येण्याचा प्रश्न तसाच उरला असता.

मोटार बॅटरीकडे एकाच वेळी अनेक गोष्टी मागते. वजनाच्या मानाने भरपूर ऊर्जा हवी, चढणीवर किंवा ओव्हरटेक करताना ती झटकन मिळायला हवी, रोज भरून रोज रिकामी केली तरी बॅटरी वर्षानुवर्षे टिकायला हवी, आणि हे सारे परवडणाऱ्या किमतीत हवे. उन्हाळा सोसण्याची मागणी युरोप-अमेरिकेतील कारखान्यांनी बराच काळ दुय्यम मानली, आपल्याकडे ती पहिल्या दोन-तीनांत येते. या सर्व मागण्या सारख्याच पूर्ण करणारे रसायन अद्याप सापडलेले नाही. त्यामुळे दर वेळी एक मागणी पुरी करण्यासाठी दुसरीवर पाणी सोडावे लागले.

सुरुवात शिशापासून झाली. गास्तों प्लांते या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिशाचे पत्रे गंधकाम्लात ठेवून पुन्हापुन्हा भरता येणारा पहिला व्यवहार्य विद्युतघट तयार केला, आणि १८८१ मध्ये कामीय फोर याने शिशावर ऑक्साइडचा लेप देण्याची पद्धत काढल्यामुळे तो कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार करणे शक्य झाले. त्याच वर्षी गुस्ताव त्रुवे याने पॅरिसमध्ये विजेवर चालणारी तीनचाकी चालवून दाखवली. याच दशकात, १८८७ च्या सुमारास, घटप्रभेच्या काठी गोकाकच्या धबधब्याचे पाणी टर्बाइनवर घेऊन सूतगिरणीच्या कामाला जुंपले गेले होते. यंत्रयुगाच्या बाबतीत हा भाग तेव्हा फारसा मागे नव्हता, हे यानिमित्ताने नोंदवून ठेवण्यास हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेची मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा पुढे होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार विजेचीच होती. कामीय जेनात्झी या बेल्जियन चालकाने १८९९ मध्ये फ्रान्समध्ये हा विक्रम केला. १९०० मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या मोटारींपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मोटारी विजेवर चालणाऱ्या होत्या. त्यांना धूर नव्हता, गिअर नव्हता आणि मुख्य म्हणजे पेट्रोल इंजिन सुरू करण्यासाठी लागणारा हँडल फिरवण्याचा त्रास नव्हता. त्या हँडलच्या उलट्या झटक्याने अनेकांचे हात मोडत असत.

तरीही दोन दशकांत चित्र पालटले. हेन्री फोर्ड यांचे मॉडेल टी १९०८ मध्ये आले आणि पेट्रोलची मोटार स्वस्त झाली. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसवण्यात आला, तेव्हा हँडल मारण्याचे कामही संपले. या घटनेतील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या शिशाच्या बॅटरीवर विजेची मोटार उभी होती, तीच बॅटरी पेट्रोल इंजिनाच्या बॉनेटखाली जाऊन बसली आणि तिने आपल्या पहिल्या मालकिणीलाच रस्त्यावरून हटवले. पुढची शंभर वर्षे बॅटरीचा धंदा याच स्टार्टरच्या जोरावर चालला. डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहणारी, बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी परत देणारी आणि जुनी बॅटरी वजनावर विकत घेणारी जी दुकाने बेळगावपासून अथणीपर्यंत प्रत्येक बाजारपेठेत आहेत, ती या परंपरेतली.

शिशाची मर्यादा थोड्या हिशेबाने स्पष्ट होते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॉट-तास (विजेच्या बिलातले ९ युनिट) ऊर्जा असते. इंजिन त्यातली ढोबळमानाने पाव हिस्साच चाकांपर्यंत पोहोचवते, बाकीची उष्णतेच्या रूपाने वाया जाते. तरीसुद्धा त्या पाव हिश्श्याची बरोबरी करायची तर विजेच्या मोटारीला अडीच किलोवॉट-तासांच्या आसपास साठा लागतो. शिशाच्या बॅटरीत किलोमागे ३० ते ४० वॉट-तास मावतात. म्हणजे एक लिटर पेट्रोलची जागा घेण्यासाठी सत्तरेक किलोची बॅटरी वाहावी लागते, आणि ती पूर्ण रिकामी करण्याची सवय लावली तर प्लेटींवर सल्फेटचे थर साचून ती लवकर निकामी होते. एडिसन यांनी या अडचणीवर उपाय म्हणून निकेल आणि लोखंडाची बॅटरी विकसित केली. तिची सुरुवातीची आवृत्ती सदोष निघाली आणि सुधारित बॅटरी १९१० च्या सुमारास तयार होईपर्यंत बाजार हातातून निसटू लागला होता. ती दणकट होती, पण महाग होती आणि थंडीत मंदावत असे.

यानंतरची साठ वर्षे या लेखाच्या दृष्टीने जवळपास रिकामी आहेत. पेट्रोल स्वस्त असताना बॅटरीवर पैसा खर्च करण्याचे कोणालाच कारण नव्हते.

ते कारण १९७३ च्या तेलटंचाईने पुरवले. एक्सॉन या तेल कंपनीत काम करणाऱ्या स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइड आणि धातुरूप लिथियम यांची बॅटरी तयार केली. लिथियम हा सर्वांत हलका धातू, आणि इलेक्ट्रॉन सोडून देण्याची त्याची ओढही तीव्र. त्यामुळे कमी वजनात जास्त व्होल्टेज मिळते. टायटॅनियम डायसल्फाइडची रचना थरांची असते आणि पुस्तकाच्या पानांत पिंपळपान ठेवावे तसा लिथियमचा आयन (विद्युतभार असलेला अणू) त्या थरांत शिरतो व चार्ज करताना बाहेर पडतो, मूळ रचना फारशी न बिघडवता. आजच्या प्रत्येक लिथियम-आयन बॅटरीचे तत्त्व हेच आहे. अडचण दुसऱ्या टोकाला होती. धातुरूप लिथियमवर वारंवार चार्ज करताना सुईसारखे काटे वाढत, ते मधला पडदा भेदून पलीकडे पोहोचत आणि आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊन आग लागे. तेलाचे भाव उतरले तसा कंपनीचा उत्साहही उतरला.

१९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांनी सल्फाइडच्या जागी कोबाल्ट ऑक्साइड वापरून व्होल्टेज जवळपास चार व्होल्टपर्यंत नेले. जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये धातुरूप लिथियम काढूनच टाकले आणि त्याऐवजी पेट्रोलियम कोक हा कार्बनचा प्रकार वापरला. आता लिथियम दोन्ही बाजूंना आयन म्हणूनच राहू लागले. हा बदल किती आवश्यक होता, हे १९८९ मध्ये दिसले. कॅनडातील मोली एनर्जी या कंपनीच्या धातुरूप लिथियमच्या बॅटऱ्या जपानमध्ये फोनमध्ये पेटल्याने परत मागवाव्या लागल्या. दोनच वर्षांनी, १९९१ मध्ये, सोनीने लिथियम-आयन बॅटरी विक्रीस आणली. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ९७ वर्षांच्या गुडइनफ यांच्या वतीने नोबेल व्याख्यान त्यांचे सहकारी अरुमुगम मंथिराम यांनी दिले. ते मूळचे तमिळनाडूचे.

सोनीची बॅटरी होती हातात धरायच्या कॅमेऱ्यासाठी. मोटारीत तिच्यासारख्या हजारो बॅटऱ्या लागल्या असत्या, कोबाल्टची किंमत आभाळाला भिडलेली होती, आणि कोबाल्ट ऑक्साइड जास्त तापले की स्वतःच ऑक्सिजन सोडते, म्हणजे आगीला लागणारी सामग्री बॅटरीच्या पोटातच तयार असते. त्यामुळे नव्वदच्या दशकात मोटार कंपन्यांनी लिथियमला हात लावला तो बिचकतच. कॅलिफोर्निया राज्याने १९९० मध्ये धूर न सोडणाऱ्या मोटारींची सक्ती जाहीर केल्यावर जनरल मोटर्सने १९९६ मध्ये आणलेली ईव्ही-१ शिशाच्याच बॅटरीवर होती आणि त्या बॅटरीचे वजन पाचशे किलोंहून अधिक होते. १९९९ मध्ये तिला निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी मिळाली. ती सरसही होती. पण कंपनीने या मोटारी केवळ भाड्याने दिल्या होत्या, आणि पुढे त्या परत घेऊन बहुतेक मोडीत काढल्या.

येथे हायब्रिडचा फाटा फुटतो, आणि आपल्याकडे हायब्रिड व प्लग-इन हायब्रिड यांची इतकी सरमिसळ होते की येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. कल्पना जुनी आहे. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारासच पेट्रोल इंजिनाने वीज तयार करून चाकांतल्या मोटरी फिरवणारी गाडी केली होती. आधुनिक हायब्रिडची सुरुवात डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये आलेल्या टोयोटा प्रियसने झाली. तिची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी २ किलोवॉट-तासांपेक्षाही लहान होती. तिचे काम ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा पकडून पुढच्या क्षणी परत देणे एवढेच होते, आणि ती कधी पूर्ण भरू द्यायची नाही व कधी पूर्ण रिकामी होऊ द्यायची नाही, अशी योजना असल्याने ती वर्षानुवर्षे टिकली. भिंतीतल्या प्लगशी तिचा काहीही संबंध नव्हता. अशा मोटारीत बॅटरी ही ऊर्जेचे कोठार नसते; ती ऊर्जेची घडीभर विसाव्याची जागा असते.

प्लग-इन हायब्रिडच्या बॅटरीला याउलट दोन्ही कामे करावी लागतात. रोजचे चाळीस-पन्नास किलोमीटर विजेवर जायचे, म्हणजे साठा मोठा हवा. पण इंजिन आणि पेट्रोलची टाकीही गाडीत असल्याने जागा व वजन मर्यादित, म्हणजे साठा फार मोठाही करता येत नाही. त्या बेताच्या पॅकमधून (म्हणजे अनेक घट एकत्र बांधलेल्या बॅटरीतून) पूर्ण मोटार ओढण्याइतका प्रवाह काढायचा आणि तो रोज जवळजवळ तळापर्यंत रिकामा करायचा. मोठ्या बॅटरीच्या विजेच्या मोटारीत पन्नास किलोमीटरसाठी पॅकचा पाचवा-सहावा हिस्सा वापरला जातो. प्लग-इन हायब्रिडमध्ये तेवढ्याच अंतरासाठी बहुतेक सगळा पॅक वापरला जातो. रसायनाच्या दृष्टीने तिन्हींमध्ये सर्वांत कठीण परीक्षा हिचीच, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातील कॅलकार्स या गटाच्या हौशी तंत्रज्ञांनी प्रियसमध्ये जादा शिशाच्या बॅटऱ्या बसवून ती भिंतीतल्या प्लगवर चार्ज करून दाखवली. कारखान्यातून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडलेली पहिली प्लग-इन हायब्रिड मोटार चीनच्या बीवायडीने डिसेंबर २००८ मध्ये आणली, आणि डिसेंबर २०१० मध्ये जनरल मोटर्सची शेव्हरोले व्होल्ट आली. व्होल्टच्या १६ किलोवॉट-तासांच्या पॅकपैकी सुमारे दोन-तृतीयांशच वापरू दिला जात असे, उरलेला आयुष्य वाढवण्यासाठी राखीव ठेवलेला होता, आणि पॅकमध्ये थंड द्रव फिरवण्याची सोय होती.

त्या सोयीचे महत्त्व त्याच महिन्यात बाजारात आलेल्या दुसऱ्या मोटारीने पटवून दिले. निस्सान लीफ ही २४ किलोवॉट-तासांची, पूर्ण विजेची मोटार. तिच्या पॅकला द्रवाने थंड करण्याची व्यवस्था नव्हती. अमेरिकेच्या ॲरिझोना या वाळवंटी राज्यात दोन उन्हाळ्यांत अनेकांच्या लीफची क्षमता डोळ्यांत भरण्याइतकी घटली. तत्पूर्वी, २००८ मध्ये, टेस्लाने रोडस्टरमध्ये लॅपटॉपमध्ये वापरतात तसे ६,८३१ सेल एकत्र बांधून सुमारे ५३ किलोवॉट-तासांचा पॅक केला होता आणि त्यालाही द्रवाने थंड ठेवले होते. रसायन जितके महत्त्वाचे तितकाच त्याच्याभोवतीचा बंदोबस्त महत्त्वाचा, हा धडा या दोन-तीन वर्षांत पक्का झाला.

कोबाल्टवरचे अवलंबित्व कमी करण्याचे प्रयत्न दोन दिशांनी झाले. एका दिशेने कोबाल्टचा मोठा भाग काढून त्या जागी निकेल आणि मँगनीज आले. यात किलोमागे ऊर्जा अधिक मिळते, म्हणून लांब पल्ल्याच्या महाग मोटारींनी हा मार्ग धरला. तरी थोडे कोबाल्ट लागतेच, आणि जगातील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी बहुतांश एकट्या काँगोतून येते. दुसरी दिशा लोह-फॉस्फेटची. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातून पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांचा या पदार्थावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लोखंड आणि फॉस्फेट दोन्ही स्वस्त व मुबलक. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्याने पॅक तापला तरी तो सहजासहजी सुटत नाही. आणि भरण्या-रिकामे करण्याची आवर्तने हजारोंच्या घरात जातात. उणिवा दोन होत्या. हा पदार्थ विजेचा मंदवाहक आहे, आणि त्यात किलोमागे ऊर्जा कमी मावते. पहिली उणीव अतिसूक्ष्म कण करून त्यांवर कार्बनचा लेप दिल्याने दूर झाली. दुसरी कायम राहिली, म्हणून पाश्चात्त्य मोटार कंपन्यांनी अनेक वर्षे या रसायनाकडे गरिबाची बॅटरी म्हणून पाहिले. चीनने तसे पाहिले नाही. तेथील कारखान्यांनी बसपासून सुरुवात करून ते मोटारींत आणले, आणि बीवायडीने २०२० मध्ये लांब पट्ट्यांसारखे सेल थेट पॅकमध्ये रचून मधल्या डब्यांची जागा व वजन वाचवले. मूळ पेटंटे २०२२ च्या सुमारास संपली, तोवर या क्षेत्रातील जगाचे बहुतांश उत्पादन चीनमध्ये स्थिरावले होते.

किमतीची घसरण या सर्वांहून निर्णायक ठरली. २०१० मध्ये पॅकची किंमत किलोवॉट-तासामागे हजार डॉलरच्या वर होती. ब्लूमबर्ग एनईएफ या ऊर्जाविषयक संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये ती सरासरी ११५ डॉलरवर आली. म्हणजे तीस किलोवॉट-तासांचा जो पॅक एकेकाळी तीस हजार डॉलरांहून महाग पडला असता, तो साडेतीन हजारांच्या आत आला. शिशाच्या बॅटरीने शंभर वर्षांत पाहिला नव्हता एवढा बदल या चौदा वर्षांत झाला, आणि त्याचे श्रेय एखाद्या एका शोधापेक्षा कारखान्यांच्या आकाराला अधिक आहे.

आता पुन्हा महामार्गाच्या आपल्या बाजूला. चेतन मैनी यांच्या पुढाकाराने बंगळूरमध्ये उभ्या राहिलेल्या रेव्हामध्ये शिशाच्या आठ बॅटऱ्या होत्या. लंडनमध्ये ही मोटार जी-विझ या नावाने विकली गेली आणि शहराच्या गर्दी-शुल्कातून सूट असल्याने तेथे तिला गिऱ्हाईक मिळाले. देशात मात्र ते बेताचेच राहिले. २००९ मध्ये तिची लिथियम-आयन आवृत्ती आली, २०१० मध्ये कंपनीतील बहुसंख्य हिस्सा महिंद्राने घेतला आणि २०१३ मध्ये ई-टू-ओ ही मोटार आली. कर्नाटक सरकारने २०१७ मध्ये विद्युत वाहनांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. केंद्राने २०१५ मध्ये विद्युत वाहनांना अनुदान देणारी फेम योजना सुरू केली, २०१९ मध्ये तिचा दुसरा टप्पा आणला आणि त्याच वर्षी विद्युत वाहनांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के केला. २०१९ च्या मध्यात आलेल्या ह्युंदाई कोनामध्ये निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारचा ३९.२ किलोवॉट-तासांचा पॅक होता आणि तिची किंमत सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर होती. जानेवारी २०२० मधील नेक्सॉन ईव्हीने ३०.२ किलोवॉट-तासांचा, द्रवाने थंड होणारा लोह-फॉस्फेट पॅक घेतला. प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर. प्रत्यक्षात त्याहून बराच कमी मिळतो हे गृहीत धरले, तरी बेळगावहून कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर. एका चार्जिंगमध्ये तेथे निर्धास्त पोहोचता येते, आणि थोडे जपून चालवले तर परतही येता येते. सीमाभागाच्या दृष्टीने विजेची मोटार प्रथमच हिशेबात बसली ती येथे. मोठ्या पल्ल्याचे रसायन बाजूला ठेवून स्वस्त आणि टिकाऊ रसायन निवडल्यामुळे हे झाले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पुढे एमजीनेही झेडएस ईव्हीचा पॅक बदलून लोह-फॉस्फेटचा केला, आणि महिंद्राच्या २०२४ अखेरच्या नव्या मोटारीही याच रसायनावर आल्या.

प्लग-इन हायब्रिड मात्र येथे पोहोचलीच नाही म्हटले तरी चालेल. पूर्ण विजेच्या मोटारीला ५ टक्के जीएसटी असताना प्लग-इन हायब्रिडवर इंजिनाच्या गाडीसारखाच भरभक्कम कर व वर उपकर पडत असे, त्यामुळे ती काही परदेशी महागड्या मोटारींपुरतीच राहिली. धोरणाचा हेतू समजण्यासारखा असला, तरी परिणामी या भागाला जी मोटार कदाचित सर्वांत सोयीची ठरली असती तीच वगळली गेली. खानापूर किंवा हुक्केरीहून बेळगावला रोज ये-जा करणाऱ्याचे अंतर विजेवर सहज भागले असते, आणि महिन्यातून एकदा मुंबईला किंवा पंढरपूरला जाताना वाटेतल्या चार्जरची चिंता करावी लागली नसती.

बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटात या तिन्ही बॅटऱ्यांचा फरक विशेष स्पष्ट होतो. दीड टनाची मोटार सहाशे मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे अडीच किलोवॉट-तास स्थितिज ऊर्जा मोकळी होते. घर्षण व हवेचा अडथळा वजा केल्यावर उरलेली ऊर्जा मोटर उलटी फिरवून बॅटरीत घेता येते. साध्या हायब्रिडची छोटी बॅटरी अर्ध्या घाटातच भरते आणि पुढे ब्रेकवरच भिस्त ठेवावी लागते. प्लग-इन किंवा पूर्ण विजेच्या मोटारीत तेवढी जागा सहज असते, कारण बेळगावहून घाटमाथ्यापर्यंत जाईतो पॅक काहीसा रिकामा झालेला असतो. अर्थात गोव्याहून परत चढताना हे सर्व आणि त्याहून जास्त खर्च होते, त्यामुळे परतीच्या प्रवासाचा अंदाज जातानाच्या आकड्यांवरून बांधू नये. त्यातही लोह-फॉस्फेटच्या पॅकचे एक वैशिष्ट्य असे की भरलेला असो वा बराच रिकामा, त्याचे व्होल्टेज जवळपास तेच राहते. म्हणून किती ऊर्जा उरली हे गाडीतल्या यंत्रणेला नेमके मोजणे अवघड जाते, आणि त्यासाठीच हा पॅक अधूनमधून १०० टक्क्यांपर्यंत भरावा असे उत्पादक सांगतात. निकेल असलेल्या बॅटऱ्यांना मात्र वरचेवर पूर्ण भरणे मानवत नाही. हे दोन सल्ले परस्परविरोधी वाटतात, पण ते दोन निरनिराळ्या रसायनांचे आहेत.

हवामानाचेही तसेच आहे. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर असल्याने तेथील उन्हाळा बॅटरीला सुसह्य असतो. अथणी, रायबाग, कागवाडकडे कृष्णाकाठी तो कडक होतो. शिशाच्या बॅटरीबाबत ढोबळ नियम असा की तापमान दर आठ-दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते. लिथियमच्या बॅटरीतही उष्णतेने झीज वाढते, फक्त लोह-फॉस्फेट ती बऱ्यापैकी सोसते आणि द्रवाने थंड केलेला पॅक आणखी. दुचाकींच्या पॅकना ही चैन नसते. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात विजेच्या स्कूटर पेटण्याच्या घटना लागोपाठ घडल्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षा चाचण्यांचे मानक कडक केले आणि ते दोन टप्प्यांत लागू केले.

सेल कोठून येतात, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. इस्रोने उपग्रहांसाठी विकसित केलेले लिथियम-आयन तंत्रज्ञान २०१८ मध्ये उद्योगांना देऊ केले, केंद्राने २०२१ मध्ये सेलच्या कारखान्यांसाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली, आणि बंगळूर व साणंद येथे मोठे प्रकल्प हाती घेण्यात आले; तरी देशातल्या मोटारींतील बहुतेक सेल आजही आयात होतात. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात मर्लगल्ला येथे लिथियमचा साठा आढळल्याची बातमी आली तेव्हा मोठ्या अपेक्षा व्यक्त झाल्या, पण अंदाज १,६०० टनांचा होता. शिवाय खनिज सापडणे आणि त्यातून बॅटरीच्या दर्जाचे लिथियम काढणे यांत बरीच वर्षे जातात. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रींना हा बदल वेगळ्या अंगाने भेटतो. त्यांचा बराच माल इंजिन आणि गिअरबॉक्सच्या कास्टिंगचा, तर बॅटरीची पेटी मुख्यतः ॲल्युमिनियमची असते.

पुढचा टप्पा सोडियम-आयनचा असेल असे अनेकांना वाटते. चीनच्या सीएटीएल कंपनीने २०२१ मध्ये त्याची घोषणा केली. सोडियम मिठातून मिळते आणि थंडीत ते चांगले काम देते, पण ऊर्जा लोह-फॉस्फेटपेक्षाही कमी मावते. त्यामुळे मोटारीपेक्षा घरगुती साठ्यासाठी ते आपल्याकडे आधी येण्याचा संभव अधिक दिसतो.

तोवर लक्ष ठेवण्यासारखी गोष्ट जवळचीच आहे. नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीला आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी होती, त्यामुळे २०२० मध्ये घेतलेल्या पहिल्या मोटारी २०२८ मध्ये हमीबाहेर जातील आणि जुन्या बाजारात येतील. शिशाच्या जुन्या बॅटरीला दुकानदार हसत पैसे देतो, कारण शिसे पुन्हा वितळवून विकता येते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुने पॅक गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु लोह-फॉस्फेटमध्ये ना कोबाल्ट ना निकेल, त्यामुळे ज्या स्वस्ताईने ही बॅटरी आपल्यापर्यंत आणली तिच्याचमुळे मोडीत तिला फारसा भाव नाही. अशा पॅकना मोडीत काढण्याआधी शेतावरच्या सौर पंपाच्या किंवा घरच्या इन्व्हर्टरच्या कामाला लावता येईल का, याचे प्रयोग देशात सुरू झाले आहेत.